बंकी



आजच्या विषयाचा फलक परवा दाराशी लागला, तेव्हा एका परिचित गृहस्थांनी मला रस्त्यात गाठले आणि म्हणाले, "बंकिमबाबूंवर बोलणार वाटते? फलकावरचा 'म' तेवढा राहून गेलाय, रंगाऱ्याला सांगा." त्यांचा विरस करणे माझ्या जिवावर आले, पण इलाज नव्हता. रंगाऱ्याची चूक नाही. विषय बंकिमचंद्र नव्हेत, 'बंकी' हाच आहे. ते गृहस्थ आज समोर बसलेले दिसत आहेत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

'बंकी' हा अमेरिकेतल्या शिपायांच्या तोंडचा शब्द. बराकीत ज्याची निजण्याची जागा आपल्या जागेला लागून आहे, तो आपला बंकी. गणवेशावर त्याची खूण नाही, हुद्द्यांच्या यादीत त्याचे स्थान नाही, सरकारी हुकमात त्याचा उल्लेख यावयाचे कारण नाही. शिपायांनी आपसात वापरला, तिथून तो खलाशांत गेला, लाकूडतोड्यांच्या छावण्यांत गेला, आणि शेवटी तुरुंगात जाऊन पोहोचला. या प्रवासाविषयी मला बोलावयाचे आहे, आणि मग आपल्याकडे यावयाचे आहे, कारण आपल्याकडेही माणसे एकमेकांच्या अंगाला अंग लावून वर्षानुवर्षे निजली आहेत.

मूळ शब्द 'बंक'. भिंतीला ठोकलेली, एका माणसाला आडवे होता येईल एवढी फळी म्हणजे बंक. आगगाडीतला बर्थ डोळ्यांपुढे आणा म्हणजे झाले. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकापासून दिसतो. त्याच्यासारखे दिसणारे आणखी दोघे आहेत, त्यांची ओळख दारातच करून देऊन त्यांना परत पाठवू. एक बंक म्हणजे आपली कॉलेजातली मुले जो मारतात तो. तो इंग्रजांच्या बोलीतला 'पळ काढणे' या अर्थाचा बंक, त्याचा निजण्याशी संबंध नाही. तास चुकवून पोरे वसतिगृहात जाऊन निजतात ही गोष्ट वेगळी. दुसरा बंक म्हणजे निरर्थक बडबड. १८२० साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये फेलिक्स वॉकर नावाचे सभासद कंटाळलेल्या सभागृहापुढे भाषण थांबवावयास तयार होईनात; आपण आपल्या बंकम परगण्यासाठी बोलतो आहोत, असे त्यांनी सांगितले, आणि परगण्याचे नाव कायमचे बडबडीला चिकटले. व्याख्यात्याने ही हकीकत स्वतःच सांगून टाकलेली बरी.

आता बराक. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्यानंतर घोडदळाच्या व पायदळाच्या लहान लहान तुकड्या पश्चिमेकडच्या ओसाड मुलखात दूरदूरच्या ठाण्यांवर जाऊन राहिल्या. या ठाण्यांतल्या बराकी म्हणजे लाकडी खोके. आत भिंतीकडेने दुमजली फळ्या, आणि एकेका फळीवर दोन दोन शिपाई. गादी म्हणजे पेंढा भरलेली पिशवी. दोघांना ती अर्धी अर्धी. उन्हाळ्यात अंगाचा घाम एकमेकांना लागे, हिवाळ्यात तोच आधार वाटे. १८७० साली सैन्याच्या वैद्यक खात्यातले डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी बराकींचा आणि लष्करी इस्पितळांचा मोठा अहवाल लिहिला. माणसांची दाटी आणि कोंडलेली हवा यांवर त्यांनी कडक टीका केली. त्या दशकात हळूहळू लोखंडी, एकेकट्या खाटा आल्या. म्हणजे ज्या व्यवस्थेमुळे 'बंकी' हा शब्द निघाला ती व्यवस्था बराकीतून गेली. तरी शब्द गेला नाही. याचे कारण बराकीच्या बाहेर आहे.

शिपाई मोहिमेवर निघाला की त्याच्या सामानात एक अर्धा तंबू असे. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. कापडाचा एक तुकडा, त्याला कडेने गुंड्या आणि काजी. दुसऱ्या शिपायाजवळ दुसरा अर्धा. दोन्ही गुंड्यांनी जोडले, मध्ये काठ्या रोवल्या, की दोघांना सरपटत आत शिरता येईल एवढा तंबू होई. फ्रेंचांच्या सैन्यातली ही युक्ती अमेरिकनांनी यादवी युद्धात उचलली आणि पुढे दोन महायुद्धांतही ती चालू ठेवली. शिपाई त्याला कुत्र्याचे घर म्हणून हिणवीत. पण बघा, या एका कापडाच्या तुकड्याने काय केले. एकट्या माणसाला तंबू उभारता येऊ नये, असे सरकारी खर्चाने ठरवून टाकले. तुमचे माझ्याशी पटो वा न पटो, पाऊस आला की माझ्या काजींत तुमच्या गुंड्या गेल्याच पाहिजेत. ब्लँकेटांचेही तेच. एक खाली, एक वर, अंगावरचा कोट त्याच्याही वर. सकाळी बंकी लढाईत पडला, तर संध्याकाळी उरलेल्याजवळ अर्धाच तंबू.

यादवी युद्धातल्या शिपायांच्या आठवणींत आणखी एक चाल सांगितलेली आढळते. थंडीत माणसे एका कुशीवर, एकाच्या पोटाशी दुसऱ्याची पाठ, अशी चमच्यांच्या चळतीसारखी निजत. एकाला कूस बदलावयाची झाली तर तो एकटा बदलू शकत नसे. मग कोणी तरी कवायतीच्या थाटात हुकूम सोडी आणि सगळी ओळ एकदम वळे. हसू येते खरे. पण कैद्यांच्या छावणीत, पांघरूण नसताना, हा हुकूम रात्रीतून अनेकदा सुटत होता, आणि सकाळी ओळीतला एखादा उठत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू ओठांवरच थांबते.

फ्रेडरिक रेमिंग्टन हा चित्रकार या पश्चिमेकडच्या घोडदळाचा मोठा निरीक्षक. पुढे तो शिल्पाकडे वळला. १८९६ साली त्याने ब्राँझचे एक शिल्प केले. दोन घोडे शेजारी शेजारी, भरधाव सुटलेले. एका घोड्यावरचा शिपाई गोळी लागून खोगिरावर कलंडतो आहे आणि दुसऱ्याने हात पुढे घालून त्याला धरून ठेवले आहे. घोडे मात्र थांबलेले नाहीत; थांबले तर दोघेही जातील. या शिल्पाचे नाव रेमिंग्टनने 'जखमी मित्र' ठेवले नाही, 'बंधू' ठेवले नाही. 'जखमी बंकी' असे ठेवले. आणि मला वाटते तो अगदी नेमका होता.

कारण बंकी म्हणजे मित्र नव्हे. मित्र आपण निवडतो. बंकी कोणी तरी नेमून देतो, नाही तर रांगेतल्या क्रमाने तो वाट्याला येतो. भाऊ रक्ताने येतो आणि त्याच्याशी वाटणी होऊ शकते, कोर्टात जाता येते. बंकीशी वाटणी करण्यासारखे एक कापड आहे आणि ते वाटले तर निरुपयोगी होते. तो घोरतो, झोपेत बोलतो, त्याच्या मोज्यांना वास येतो. त्याला घरचे पत्र आले नाही की तो कसा निजतो, हे त्याच्या आईच्या आधी मला कळते. या ज्ञानाला प्रेम म्हणता येत नाही, परकेपणाही म्हणता येत नाही. या मधल्या नात्याला शिपायांना नाव हवे होते, आणि ते त्यांनी माणसाच्या गुणावरून न देता फळीवरून दिले.

खलाशांत हे नाते आणखी चमत्कारिक झाले. पाणबुडीत जागा इतकी थोडी की माणसांपेक्षा फळ्या कमी. म्हणून पहाऱ्याच्या पाळ्यांप्रमाणे एकच फळी आळीपाळीने वापरावयाची. एक उठून कामावर जातो, दुसरा येऊन त्याच जागी पडतो. गादी अजून पहिल्याच्या अंगाने ऊन असते. 'ऊन बंक' असेच त्या पद्धतीला म्हणतात. इथे शेजारी निजणेही संपले. दोघांची गाठ फक्त एका उबेपुरती.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मात्र या शब्दाचे नशीब उघडले. तिथे तळ्याकाठच्या सुटीच्या घराशेजारी पाहुण्यांना निजावयासाठी जी लाकडी खोपटी बांधतात, तिला 'बंकी' म्हणतात. माणसाचे नाव घराला गेले. तिथे फारसे काही घडत नाही, मुले पत्ते खेळतात; आपण पुढे जाऊ.

पुढे तुरुंग आहे. अमेरिकेच्या तुरुंगांत कैदी आजही आपल्या कोठडीतल्या जोडीदाराला बंकी म्हणतात. वरची फळी कोणाची आणि खालची कोणाची, हा तिथला रोजचा प्रश्न. खालची फळी मिळावी म्हणून गुडघे दुखणारा, फेफरे येणारा माणूस डॉक्टरांची चिठ्ठी आणतो. ज्या शब्दात घोडदळाच्या शिपायाने आपला अर्धा तंबू ठेवला होता, त्याच शब्दात कैदी आता आपली भीती ठेवतो. दार बाहेरून बंद होते आणि आत कोण आहे हे आपल्या हाती नसते.

ओहायो राज्यात लुकसव्हिल येथे असाच एक मोठा तुरुंग आहे. त्याच्या कोठड्या सुमारे ६३ चौरस फुटांच्या. आपल्या घरातले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. एकेकासाठी बांधलेल्या या कोठड्यांत गर्दी वाढल्यावर दोघादोघांना घालू लागले. तेव्हा दोन कैद्यांनी फिर्याद केली की, असे दुसऱ्या माणसाबरोबर कोंडणे ही क्रूर शिक्षा आहे आणि राज्यघटना तिला मनाई करते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ साली न्यायालयाने निकाल दिला की, कैदेत आराम मिळेलच अशी हमी घटनेने दिलेली नाही, आणि या तुरुंगात दोघांना एका कोठडीत ठेवणे घटनेविरुद्ध नाही. कायद्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने इथे प्रकरण संपते. माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट निकालपत्राच्या आरंभीच, हकिकतीच्या भागात आहे. फिर्याद दाखल झाली तेव्हा ते दोघे फिर्यादी एकाच कोठडीत राहत होते. 'मला बंकी नको' हे सांगावयास दोन बंकी मिळून गेले होते!

पण यावर भाळून जाण्याचे कारण नाही. याच तुरुंगात एप्रिल १९९३ मध्ये दंगल पेटली. ती ११ दिवस चालली, ९ कैदी आणि एक पहारेकरी मेले. कैद्यांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. कोणाला कोणाबरोबर एका कोठडीत सक्तीने घालावयाचे, हा त्यांतला एक प्रश्न होता. माणसे जवळ निजविली की आपोआप जवळ येतात, असे जर कोणी मला सांगू लागला, तर मी त्याला लुकसव्हिलचे नाव सांगेन.

आता थोडे मागे जाऊ, कारण ही सगळी अमेरिकेची नवलाई आहे असा आपला समज होऊ नये. रोमन सैन्यात आठ शिपायांना मिळून कातड्याचा एक तंबू, धान्य दळावयास एक जाते आणि ओझ्याला एक खेचर असे. या आठांच्या गटाला 'काँटुबेर्नियम' म्हणत, म्हणजे एका आसऱ्याखाली राहणे. असे दहा गट मिळून शतक होई. शतकात माणसे ऐंशीच, रोमनांचे शतक आपल्यासारखे शंभराचे नव्हे. आणि हाच शब्द रोमन कायद्यात दुसऱ्या ठिकाणी येतो. गुलामांना लग्नाचा हक्क नव्हता. गुलाम स्त्री-पुरुष संसार करीत, पण कायदा त्याला विवाह म्हणावयास तयार नसे, मग त्याला 'काँटुबेर्नियम' म्हणत. शिपायाचा तंबूसोबती आणि गुलामाची बायको, दोघांना एकच नाव. ज्या नात्याला कायदा ओळखत नाही, पण जे आहे हे नाकारताही येत नाही, त्याला छपरावरून नाव दिलेले दिसते.

स्पॅनिश भाषेत खोलीला 'कामारा' म्हणतात. सोळाव्या शतकात स्पेनच्या पायदळातले शिपाई आठ-दहा जणांचे गट करून एकत्र बिऱ्हाड करीत, खर्च वाटून घेत. या गटाला 'कामारादा' म्हणत. खोलीचा तो कामारादा. पुढे गटाचे नाव गटातल्या एकेका माणसाला लागले, फ्रेंचांनी ते उचलले, इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतले, आणि शब्द झाला, आपण ओळखला असेलच, 'कॉम्रेड'. त्याचा मूळचा अर्थ एवढाच, माझ्या खोलीतला. एकोणिसाव्या शतकात समाजवाद्यांनी तो हाती घेतला आणि त्याला झेंडा लावला. बंकी तुरुंगात गेला आणि त्याचाच हा चुलता सभामंडपात जाऊन बसला. शब्दांच्या घराण्यांतही असे होते.

आणि आता मुंबई. १९२८ साली गिरणगावात सहा महिन्यांचा मोठा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली, कॉम्रेड डांगे हे नाव घरोघर झाले. परळ-लालबागच्या मैदानांत जे 'कॉम्रेड' ही हाक ऐकत होते, ते कोण होते? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून आलेले, बायकामुले गावी ठेवलेले, चाळीतल्या एका गाळ्यात पंधरा-वीस जण मिळून राहणारे लोक. त्या शब्दाचा मूळ अर्थ त्यांना कोणी सांगितला नाही. सांगावयाची गरज नव्हती. त्यांच्याइतका शब्दशः कॉम्रेड स्पेनच्या पायदळातसुद्धा क्वचित असेल.

त्या गाळ्यांची व्यवस्था आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. खुंटीला कपडे, भिंतीकडेला पत्र्याच्या पेट्या, वळकट्या वर रचलेल्या. जेवण खानावळीत. निजण्याची जागा पाळीप्रमाणे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येई तो दिवसपाळीवाल्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपली वळकटी सोडी. पाणबुडीची युक्ती आमच्या माणसांनी समुद्राशिवाय साधली होती. गोव्याच्या खलाशांनी तर धोबीतलाव आणि माझगाव भागांत गावागावांच्या नावांनी अशी घरेच चालविली. त्यांना ते 'कूड' म्हणतात, आणि कोंकणीत कूड म्हणजे खोलीच. एका जहाजावरून उतरलेला खलाशी दुसरे जहाज मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडीत पेटी टेकी, चटई पसरी, संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेला बसे. त्याच शहरात साहेबाच्या कचेऱ्यांतले अविवाहित गोरे तरुणही एक बंगला भाड्याने घेऊन एकत्र राहत आणि त्याला 'चमरी' म्हणत. 'चम' म्हणजे सोबती. बंगला आणि गाळा यांत जो फरक असावयाचा तो होताच.

मराठीत या माणसाला काय म्हणावे? वसतिगृहातली मुले 'पार्टनर' म्हणतात, धंद्यातला शब्द, हल्ली 'रूममेट'. 'जोडीदार' म्हणावे तर तो आता लग्नाच्या जाहिरातींनी पळविला आहे, म्हणजे रोमनांसारखी आपलीही गल्लत आहे. 'गाववाला' हा गावाचा शब्द, निजण्याचा नव्हे. 'शेजारी' हा शब्द मात्र ऐका. शेज आणि शेजार, हे दोन शब्द कानाला सख्खे वाटतात. व्युत्पत्तीचा निवाडा मी पंडितांवर सोडतो, मी ऐकणारा माणूस आहे. पण शेजारी आता भिंतीपलीकडचा झाला. भिंतीअलीकडच्याला शब्द राहिला नाही, असे मला वाटत होते.

तो मला एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराने दिला. हे सातारकडचे गृहस्थ; तरुणपणी मुंबईत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ते गावी परतले, ते कायमचे. एकदा त्यांच्या पडवीत बसलो असता ते एका माणसाविषयी सांगू लागले. तो रात्रपाळीला, हे दिवसपाळीला. सहा वर्षे दोघांची निजण्याची जागा एक. जागेपणी गाठ म्हणजे रविवारची, तीही एकाला बाजार आणि दुसऱ्याला कीर्तन. तरी त्याला दम्याचा त्रास आहे हे यांना उशीवरच्या वासाने कळे, औषधाच्या. मी म्हटले, "म्हणजे तुमचे मोठे मित्र होते."

"मैतर न्हवं, मास्तर," ते म्हणाले. "आमी एका पथारीचं."

शहरात पथारीवाला म्हणजे रस्त्यावर माल मांडून बसणारा. या शब्दाकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. 'एका पथारीचे' असे आपण बोलताना वापरतो का हो? मी वापरला नव्हता. कोशात शोधावयाची मला गरज वाटली नाही. ज्याने सहा वर्षे वापरला त्याच्या तोंडून ऐकला होता.

संपात तो माणूस कोकणात गावी गेला. जाताना पेटी यांच्याकडे ठेवून गेला, संप मिटला की येतो म्हणाला. संप मिटला असे कोणी जाहीर केले नाही, आणि गिरणीचा भोंगाही पुन्हा झाला नाही. गाळा सोडताना यांनी आपल्या पेटीबरोबर तीही गावी आणली. मी पाहिली ती. पडवीच्या आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीमागे, पत्र्याची, हिरवा रंग उडालेला. कुलूप अजून लावलेले आहे. मी विचारले, आत काय आहे. म्हातारबुवांनी माझ्याकडे असे पाहिले की, मी काही तरी अमंगळ बोललो असावा. किल्ली त्याच्यापाशी आहे, ते म्हणाले.